ज्येष्ठांना पकडण्याची जाळी

वहिनींना व्हायचं होतं कथालेखिका, झाल्या अर्जलेखिका. दोन्हींत फारसा फरक नाही असं त्यांच्या यजमानांचं मत होतं. कथेत खोटं खरं वाटावं लागतं आणि अर्जात खरं मोठं वाटावं लागतं, एवढंच. यजमान पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींची उत्तरं लिहून निवृत्त झाले होते, तेव्हा या विषयात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

कॉलेजात असताना वहिनींनी तेरा कथा लिहून एका मासिकाकडे पाठवल्या होत्या. बारा कथा छापील चिठ्ठीसकट परत आल्या. तेराव्या कथेवर मात्र संपादकांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या : "भाषा सुरेख आहे. पण पुढे काय झालं हे जाणून घ्यावंसं वाटत नाही." वहिनींनी ती चिठ्ठी जपून ठेवली, आधी रागाने आणि मग सवयीने. लग्न झालं, मुलगी झाली, मोठी होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. चिठ्ठी पाककृतींच्या वहीत होती ती तिथेच राहिली. वर्षातून दोनदा, केकचं प्रमाण बघायला वही उघडली की ती दिसायची आणि केक थोडा बसायचा.

अर्जांचं खूळ घरात आणलं ते नणंदबाईंनी. वहिनींच्या सासऱ्यांची शेवटची दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत गेली. खुर्चीचं चाक बिघडलं तर दुकानदार म्हणायचा, नवी घ्या. सायकलवाला म्हणायचा, ही सायकल नाही. वडील गेल्यावर नणंदबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि बँकेच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेऊन चाकाच्या खुर्च्या, वॉकर, काठ्या फुकट दुरुस्त करून देणारी संस्था काढली. सायकलचं काम करणारे एक मिस्त्री पगारावर ठेवले. मिस्त्री कमी बोलत. संस्थेत ती उणीव नणंदबाई भरून काढत.

"वहिनी, तुम्ही कथा लिहायचात ना? मग हा फॉर्म भरून द्या," एके सकाळी नणंदबाई म्हणाल्या.

"वन्सं, कथा वेगळी आणि फॉर्म वेगळा."

"फॉर्म सोपा हो. त्यात जागा आखून दिलेली असते."

'समस्येचे स्वरूप' या रकान्यात नणंदबाईंनी आधीच 'समाजातील उपेक्षित, वंचित व दुर्लक्षित घटक' असं लिहून ठेवलं होतं. वहिनींनी ते खोडलं आणि लिहिलं : "माझ्या सासऱ्यांच्या खुर्चीचं डावं चाक अडकायचं. त्यामुळे दोन वर्षं ते फक्त डावीकडे वळू शकले. खिडकी उजवीकडे होती."

अनुदान आलं. आणि वहिनींची 'अर्जवहिनी' झाली.

मग काय, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रांग लागली. दातांचे डॉक्टर आले; ते फावल्या वेळात भटकी कुत्री सांभाळायचे. वाचनालयाच्या चिटणीसबाई आल्या. ज्याला कुणी गायला बोलवत नव्हतं असा एक गायनवृंद आला, तोही सगळाच्या सगळा. वहिनी चहा करत आणि सल्ला देत. "पहिल्या ओळीत एक माणूस आणा. तिसऱ्या ओळीत आकडा आला तरी चालेल. जे विचारलंय त्याचंच उत्तर द्या, जे माहीत आहे त्याचं नको. आणि हे ध्यानात ठेवा, वाचणारी व्यक्ती नुकतीच जेवून बसलेली असते. तुमचा अर्ज तिच्या हातातला चाळिसावा असतो. तिला जागं ठेवा, पण दचकवू नका."

सल्ला उत्तम होता. मुश्कील एवढीच, की वहिनी स्वतः तो हळूहळू विसरत गेल्या. एकेका महिन्यात चार-चार अर्ज म्हटल्यावर रोज नवा माणूस कुठून आणायचा? त्यांनी एक साचा केला. फ्रिजच्या दारावर शब्दांची यादी लागली : शाश्वत, सर्वसमावेशक, सक्षमीकरण, नावीन्यपूर्ण, तळागाळातील. दूध काढता काढता एखादा शब्द उचलायचा आणि अर्जात टाकायचा. पहिल्या अर्जात सासरे फक्त डावीकडे वळत होते; दहाव्या अर्जापर्यंत ते 'गतिशीलतेच्या संधींपासून वंचित' झाले. खिडकी कुठल्या कुठे गेली.

गंमत म्हणजे दर मंगळवारी दुपारी वहिनी वाचनालयाच्या माडीवर सहा बायकांना कथालेखन शिकवत. "विशेषणं आवरा. वस्तू दाखवा. दुःख दाखवू नका, दुःखी माणसाच्या चपला दाखवा," असं फळ्यावर लिहीत. एका मंगळवारी पर्समधून चुकून अर्जाचा कागद बाहेर आला आणि एक विद्यार्थिनी तो वाचून भाबडेपणाने म्हणाली, "बाई, सक्षमीकरणाच्या चपला कशा असतात हो?"

वहिनी त्या दिवशी घरी येऊन कथा लिहायला बसल्या. बऱ्याच वर्षांनी. दोन परिच्छेद झकास जमले. तिसऱ्यात नायिका घर सोडून निघाली, आणि वहिनींच्या हातून आपोआप उतरलं : 'सदर निर्गमनातून पुढील बारा महिन्यांत तीन उद्दिष्टे साध्य होतील.' त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कणीक मळायला घेतली.

*

आणि मग नणंदबाईंच्या खोलीवर संकट आलं.

खोलीचे मालक एके दिवशी गादीवाल्याला घेऊन आले. गादीवाला पावलांनी खोली मोजत होता आणि मालक नणंदबाईंना सांगत होते, "मोठ्या अनुदानाचं पत्र दाखवा, तर करार वाढवतो. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर बाई, मलाही घर आहे." घर होतंच. तीन होती. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती. खोली गेली तर मिस्त्री जाणार, मिस्त्री गेले तर संस्था म्हणजे नणंदबाई आणि एक रबरी शिक्का एवढंच उरणार.

एका मोठ्या फाउंडेशनचे अर्ज मागवणं चालू होतं. शेवटच्या तारखेला संध्याकाळी पाच वाजता वेबसाइट बंद होणार होती. नणंदबाईंनी माहिती पाठवली त्याच दिवशी साडेतीनला. याच फाउंडेशनने गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांच्या कुत्र्यांना अनुदान दिलं होतं. तो अर्ज वहिनींनीच लिहिलेला, प्रश्न तेच, मथळे तेच. वहिनींनी तो उघडला आणि एका बटणात 'श्वान' होता तिथे तिथे 'ज्येष्ठ' केला. बाकीचं एकेक रकाना घेऊन नीट बदलायचं ठरवलं होतं. पाचवा रकाना होईपर्यंत नणंदबाईंचे चार फोन आले. "वहिनी, झालं का?" "वन्सं, तुम्ही फोन ठेवलात की होईल." पाचला पाच मिनिटं असताना वहिनींनी डोळे मिटून 'पाठवा' दाबलं.

तीन दिवसांनी चष्मा पुसून त्या प्रत वाचायला बसल्या. सहावा रकाना, कार्यपद्धती. तो त्यांनी दोनदा वाचला.

"अहो," त्यांनी हाक मारली. "जरा इकडे या. बसून ऐका."

यजमान बसले. वहिनींनी वाचलं :

"'आमचा प्रशिक्षित चमू वस्तीत फिरून ज्येष्ठांना जाळीच्या साहाय्याने, कमीत कमी त्रास देऊन पकडतो. केंद्रात आणल्यावर ज्येष्ठांना रेबीजप्रतिबंधक लस टोचली जाते. ओळख पटावी म्हणून कानाला छोटी खूण केली जाते. पाच दिवसांच्या देखरेखीनंतर ज्येष्ठांना त्यांच्या मूळ गल्लीत सोडून दिले जाते. शांत स्वभावाच्या ज्येष्ठांना कुटुंबांनी दत्तक घ्यावे यासाठी प्रयत्न केले जातात.'"

यजमानांनी स्वतःचा कान चाचपून बघितला. मग म्हणाले, "शांत स्वभावाच्या म्हणजे माझा नंबर लागेल ना?"

"पुढचं ऐका. 'संख्यावाढ रोखण्यासाठी ज्येष्ठांचे निर्बीजीकरण...'"

यजमानांनी नकळत पायावर पाय टाकला.

नणंदबाईंना सांगावंच लागलं. त्या घाबरतील असं वहिनींना वाटलं होतं, पण त्यांनी हात झटकला. "वहिनी, असले अर्ज कुणी वाचतं का? मथळे मोजतात आणि मार्क देतात. गप्प बसा."

आणि खरोखरच आठवड्याभरात पत्र आलं. अर्ज पहिल्या फेरीत निवडला गेला होता. शंभरपैकी एक्क्याण्णव गुण. 'कार्यपद्धतीत सुस्पष्टता' या रकान्यात पैकीच्या पैकी. फाउंडेशनच्या अधिकारीबाई सोमवारी भेटीला येणार होत्या.

वहिनींना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना आठवले ते संपादक. त्यांनी निदान वाचून तरी परत पाठवलं होतं.

"आता त्या जाळी बघायला मागणार," वहिनी म्हणाल्या. "वन्सं, आपण खरं काय ते कळवूया."

"आणि गादीवाल्याला काय कळवूया?" नणंदबाई म्हणाल्या. "तुम्ही लिहिण्यातल्या ना? मग एक खुलासा लिहा. काहीतरी जुळवा!"

खोलीकडे बघून, मिस्त्रींकडे बघून, वहिनींनी जुळवलं. शनिवार-रविवार बसून तीन पानी खुलासा लिहिला. जाळी म्हणजे आधाराची सामाजिक जाळी. लस म्हणजे एकाकीपणाविरुद्धची प्रतिकारशक्ती. कानाची खूण म्हणजे श्रवणयंत्र. निर्बीजीकरण म्हणजे नकारात्मक विचारांची बीजं काढून टाकणं. हे सगळं इतकं सफाईने उतरलं की नणंदबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, आपण हे सगळं करतो हे मलाच माहीत नव्हतं!"

वहिनींनी पानं घडी करून पर्समध्ये ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी लिहिलेली ही सगळ्यात चांगली कल्पित कथा होती, आणि तिची त्यांना लाज वाटत होती.

*

अधिकारीबाई सोमवारी ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी आल्या. बुटक्या, खांद्याला जड पिशवी, पायांत सपाट बूट. आल्या आल्या रिकामी दिसली त्या खुर्चीत बसल्या.

"त्या खुर्चीत नको, बाई," मिस्त्री म्हणाले. "तिला ब्रेक नाही."

तोपर्यंत खुर्ची हातभर मागे सरकून कपाटाला टेकली होती. अधिकारीबाई तशाच बसून राहिल्या आणि खोली बघू लागल्या. भिंतीला पाच मोडक्या खुर्च्या, खिळ्यांना टांगलेली चाकं, तेलाचा डबा, आणि दारात दोन पायऱ्या.

"या पायऱ्यांचं काय करता?"

"फळी आहे," मिस्त्रींनी कोपऱ्यातली फळी दाखवली.

"आणि या खुर्च्यांची माणसं कुठायत?"

"घरी."

"मग खुर्च्या कशा आल्या?"

"मुलगा, सून, जावई, कुणी असेल तो आणून टाकतो."

"आणि ज्यांचं कुणीच नाही?"

"त्यांच्या येत नाहीत," मिस्त्री म्हणाले. मग स्पॅनर खाली ठेवून, आयुष्यात पहिल्यांदाच विचारल्यापेक्षा एक वाक्य जास्त बोलले. "कशा येणार? खुर्ची मोडलीये ना."

 चार वर्षं, संस्थेचे सतरा अर्ज, शेकड्याने विशेषणं, आणि ही गोष्ट एकाही रकान्यात आली नव्हती. ज्याची खुर्ची मोडली त्यानेच ती घेऊन इथवर यायचं, अशी ही संस्था होती.

नणंदबाईंनी वहिनींच्या कोपराला ढोसलं. डोळ्यांनी पर्स दाखवली. वहिनींनी पर्स उघडली, घडी केलेल्या पानांना हात लावला आणि पर्स बंद केली.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तो सहावा रकाना कुत्र्यांचा आहे. मी जुना अर्ज उचलला आणि बदलायचा राहिला. आमच्याकडे जाळी नाही. लसही नाही. कुणाच्या कानाला आम्ही हात लावलेला नाही."

नणंदबाईंनी कपाळाला हात लावला. "संपलं," त्या पुटपुटल्या. "गाद्या आल्या."

"मला माहीत आहे," अधिकारीबाई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"कुत्र्यांचा आहे ते. मी वाचला ना."

"पूर्ण?" वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"अकरा वर्षं हेच करते हो. मार्क देणारे वेगळे असतात, ते मथळे मोजतात. मी वाचते. कानाच्या खुणेपाशी आले आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरून पाण्याचा ग्लास आला." मग त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. कडेला बारीक अक्षरात पेन्सिलीच्या खुणा होत्या. "पण हसून झाल्यावर वाटलं, याच रकान्यात काहीतरी घडतंय. बाकी पाचांत नुसतंच 'केले जाईल, दिले जाईल.' कुत्र्यांसाठी माणसं निदान दाराबाहेर तरी पडतात. तुम्ही ज्येष्ठांसाठी पडता का, एवढंच बघायला आले होते."

नणंदबाई दारातल्या दोन पायऱ्यांकडे बघू लागल्या. 

"या अर्जावर अनुदान देता येणार नाही," अधिकारीबाई उठत म्हणाल्या. "दुरुस्तीला पाच दिवस असतात. सहावा रकाना पुन्हा लिहा. दोनशे शब्द. जे करणार असाल तेवढंच." दाराशी त्या थांबल्या. "आणि फ्रिजवर यादी असेल तर काढा. सगळ्यांच्या फ्रिजवर असते."

*

दुसऱ्या दिवशी वहिनी मिस्त्रींबरोबर निघाल्या. लिहायचं तर आधी बघायला हवं, हे त्या दर मंगळवारी शिकवत होत्याच. नणंदबाईंनी गाल फुगवले होते, तरी जुन्या चौकशांच्या वहीतून पत्ते काढून दिले. पहिला पत्ता टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका ऑपरेटरबाईंचा होता. तिसरा मजला, लिफ्टची इमारत. दार नुसतं लोटलेलं होतं, कारण उठून उघडायला कुणी नव्हतं. बाई पलंगावर बसून होत्या आणि त्यांच्या चाकाच्या खुर्चीवर कपडे वाळत होते.

"दुरुस्ती फुकट आहे हे माहीत होतं हो," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "फोनही केला होता. तिकडून एक बाई म्हणाल्या, खुर्ची घेऊन या. मी म्हटलं, अहो, खुर्ची मला नेते. खुर्चीला कोण नेणार?"

त्या फोनवरच्या बाई कोण, ते वहिनींनी विचारलं नाही. आवाजाची नक्कल हुबेहूब होती.

मिस्त्रींनी कपडे पलंगावर ठेवून खुर्ची उलटी केली. पुढच्या चाकाच्या कण्याभोवती केस आणि दोरे गच्च गुंडाळले गेले होते. वीस मिनिटांत चाक मोकळं झालं. त्या वीस मिनिटांसाठी बाई चौदा महिने घरात बसल्या होत्या.

वहिनींनी सहावा रकाना एकशे ऐंशी शब्दांत लिहिला. त्यात मिस्त्री होते, हत्यारांची पेटी होती, केस आणि दोरे होते, आणि आठवड्यातले चार दिवस दारोदार जायचं कबूल केलेलं होतं. नणंदबाईंनी वाचून नाक मुरडलं. "एकही मोठा शब्द नाही! निदान 'शाश्वत' तरी टाका, वहिनी. एकदाच."

"कुठे टाकू, वन्सं? चाकात?"

अनुदान आलं. तीन वर्षांचं मागितलं होतं, आलं एका वर्षाचं. मालकांनी पत्र उन्हात धरून दोनदा वाचलं, कुरकुर केली आणि अर्ध्या खोलीचा करार वाढवला. उरलेल्या अर्ध्यात गाद्या आल्या. मिस्त्री आता बहुतेक दिवस बाहेरच असत, त्यामुळे अर्धी खोलीही पुरली. आणि दुपारी आले तर टेकायची सोय झाली, असं ते म्हणत. म्हणजे तसं बघत.

तीन महिन्यांनी पहिला अहवाल पाठवायचा होता. त्यात शेवटी एक रकाना : 'एका लाभार्थीची कथा, दीडशे शब्द.' वहिनींनी ऑपरेटरबाईंचं लिहिलं. चाक मोकळं झाल्यावर बाईंनी काय केलं ते. पलंगावर ठेवलेल्या कपड्यांच्या त्यांनी एकेक करून घड्या घातल्या. मग खुर्चीत सरकून, स्वतः चाकं ढकलत दाराबाहेर गेल्या, लिफ्टपाशी थांबल्या, बटण दाबलं. लिफ्ट आली. दार उघडलं. आणि तिथेच दीडशे शब्द संपले.

पोच म्हणून अहवालाची प्रत महिनाभरात परत आली. नणंदबाई ती घेऊन स्वतःच घरी आल्या. "वहिनी, काहीतरी चुकलंय वाटतं. कडेला पेन्सिलीने लिहिलंय."

वहिनींनी चष्मा लावला. कथेच्या शेवटच्या ओळीपुढे, बारीक अक्षरात, तीन शब्द होते.

'पुढे काय झालं?'

त्यांनी ते तीन शब्द पुन्हा पुन्हा वाचले, तेव्हा यजमान पेपर बाजूला ठेवून उठले. "अगं, काय झालं? अनुदान परत मागतायत का?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या आणि पाककृतींची वही काढून त्यांनी ती पोच जुन्या चिठ्ठीच्या शेजारी ठेवली. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पुढे काय झालं ते त्यांनाही माहीत नव्हतं. लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा त्या आणि मिस्त्री वरच उभे होते, आणि मिस्त्रींना पुढच्या पत्त्याची घाई होती.

त्यांनी ऑपरेटरबाईंच्या घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून देणाऱ्या, चौदा महिने घराबाहेर न पडलेल्या बाईंच्या घरी, भर सकाळी, फोन वाजत होता आणि उचलायला कुणी नव्हतं.

"घरी नाहीत," वहिनी म्हणाल्या. आणि चपला घालून त्या शोधायला निघाल्या.